उभे राहताना येणारी भोवळ

वाढलेल्या रक्तदाबाची धास्ती आज घरोघरी आहे. कमी रक्तदाबाकडे मात्र आपण विचित्र नजरेने पाहतो. सून थोडी दमली की ‘लो बीपी झालाय’ असे म्हणून मिठाचे पाणी पुढे केले जाते. आणि घरातील वडीलधारे पहाटे उठताना कोसळले तर ‘पाय घसरला’ एवढ्यावर विषय मिटतो. पहिल्या प्रसंगी नसलेला आजार दिसतो, दुसऱ्या प्रसंगी असलेला दिसत नाही.

सामान्यतः ९०/६० पेक्षा खाली गेलेल्या रक्तदाबास कमी म्हणतात. पण केवळ आकडा म्हणजे आजार नव्हे. सडपातळ बांध्याच्या अनेक तरुण स्त्रियांचा दाब जन्मभर तेवढाच असतो आणि त्यांची प्रकृती उत्तम असते. भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, हातपाय गार पडणे, शुद्ध हरपणे ही लक्षणे असतील, अथवा नेहमीचा दाब अचानक उतरला असेल, तरच कारण शोधावे लागते.

आपण उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेतील व हृदयाजवळील मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब जोखणाऱ्या नसा असतात. त्या क्षणात इशारा देतात; हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूचा पुरवठा टिकून राहतो. शरीरातील पाणी घटले, औषधाने रक्तवाहिन्या सैलावल्या किंवा वार्धक्याने व मधुमेहाने या नसा मंदावल्या, तर ही व्यवस्था कोलमडते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्यास उभे राहण्याने होणारा रक्तदाबाचा ऱ्हास म्हणतात.

लोहा, कंधार, अहमदपूर या आपल्या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शेतात राबणाऱ्यांच्या, तसेच दिवसभर पत्र्याच्या छताखाली दुकानात बसणाऱ्यांच्याही अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. वृद्धांना तहान कमी लागते, हे अधिक धोक्याचे. जुलाब, उलट्या व ताप यांनी हीच हानी काही तासांत होते.

दुसरे मोठे कारण औषधे. उच्च रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’, प्रोस्टेटच्या त्रासावरील काही गोळ्या, छातीच्या दुखण्यात जिभेखाली ठेवायची गोळी, नैराश्यावरील काही औषधे या सर्वांनी दाब उतरू शकतो. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील, तर दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवाव्यात. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

काही कारणे लपलेली असतात. हृदयाचे विकार, मूत्रपिंडावरील ग्रंथींची दुर्बलता, पोटातील रक्तस्राव, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव ही त्यांपैकी होत. शुद्ध शाकाहारात ब-१२ मुख्यतः दुधातूनच मिळते. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याची तपासणी अवश्य करावी. रक्तक्षयातही थकवा व भोवळ येते, परंतु दाब पुष्कळदा नेहमीसारखाच असतो. अशा भगिनीला मिठाचे पाणी नव्हे, हिमोग्लोबिनची तपासणी हवी.

चातुर्मासात हा विषय अधिक जवळचा होतो. उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत शरीर मूत्रावाटे मीठ आणि पाणी अधिक बाहेर टाकते. आहारातले मीठ थांबलेले, पाणी केवळ सूर्यास्तापर्यंत आणि रक्तदाबाची गोळी मात्र नेहमीच्याच मात्रेत, असा मेळ पडला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भोवळ येणे स्वाभाविक आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखरही उतरते आणि लक्षणे सारखीच दिसतात. म्हणून अठाईचा संकल्प करण्यापूर्वी औषधांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पच्चक्खाणाच्या सूत्रातच समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे. आजारात औषध घेणे हा तपाचा भंग मानून घरच्यांनी वृद्धांवर संकोचाचे ओझे लादू नये.

घरी यंत्र असेल तर पाच मिनिटे पडून राहिल्यावर एकदा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी असा दाब मोजावा व वहीत लिहून ठेवावा. डॉक्टरांना बसून घेतलेल्या एका आकड्यापेक्षा ही नोंद अधिक सांगते. झोपेतून उठताना आधी कुशीवर वळावे, काठावर क्षणभर बसावे, पावले हलवावीत, मग उभे राहावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा. भरपेट जेवणानंतरही वृद्धांचा दाब उतरतो. थोडे थोडे जेवावे आणि लगेच उठू नये.

भोवळ आल्यास त्या व्यक्तीस आडवे निजवून पाय उंच करावेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. जुलाबात किंवा उन्हाने घाम फार गेला असता, एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे द्रावण घोटघोट द्यावे. चमचा चहाचा, लहानच घ्यावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांना ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. छातीत दुखणे, धाप, काळी शौच, असंबद्ध बोलणे, थंड घामासह मंदावलेली शुद्ध यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकास कळवावे.

मांडीचे हाड मोडल्यावर महिनोन्‌महिने अंथरुणास खिळलेले वृद्ध आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांतील कित्येकांच्या पडण्याचे मूळ ओल्या फरशीत नसून उठतानाच्या त्या एका क्षणात असते. या आठवड्यात घरातील ज्येष्ठांना एवढेच विचारा : “उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का?” उत्तर ‘होय’ असेल, तर त्यांच्या सर्व गोळ्यांची पिशवी घेऊन त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.