पहिले पाचशे

नवी बाइक घरी आली की आया काय विचारतात? ‘केवढ्याला पडली?’, ‘ॲव्हरेज किती देते?’, नाहीतर थेट ‘आणि लग्नाचं काय?’ माझ्या आईनं यातलं एकही विचारलं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिनं माझ्या नव्या हिमालयनला कुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग दोन पावलं मागं जाऊन गाडी नीट बघितली आणि म्हणाली, ‘‘अगं, ही पडली तर तुला उचलता येते का?’’

मी हसले. बाबा हसले. वॉचमनकाकापण हसले. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.

आता जरा हिशेब सांगते. मी फ्रीलान्सर. म्हणजे एक तारखेला ज्यांच्या मोबाइलवर ‘सॅलरी क्रेडिटेड’चा गोड मेसेज येतो, त्या भाग्यवंतांत मी बसत नाही. तरी तीन लाखांच्या वरची गाडी घेतली आणि छत्तीस हप्त्यांचं कर्ज उचललं. कर्ज उचलणं सोपं असतं हो, सही केली की झालं. गाडीचं वजन १९६ किलो, माझं ५४. सीटची उंची ८२५ मिलिमीटर आणि मी पाच फूट तीन इंच. सिग्नलला थांबले की चवड्यांवर उभी! शोरूममध्ये हे कळलं नव्हतं असं नाही. पण शोरूमच्या दिव्यांखाली माणसाला स्वतःची उंची आठवत नाही, लडाख आठवतं.

या जातीच्या गाड्यांना ‘ॲडव्हेंचर टूरर’ म्हणतात. फंडा साधा आहे. एकच गाडी हायवेवरही लांब पल्ला मारेल आणि डांबर संपलं तरी थांबणार नाही. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूनं ‘आर ८० जी/एस’ आणली, १९८१ मध्ये तिनं पॅरिस-डकार रॅली मारली आणि जगाला या प्रकाराचं वेड लागलं. आपल्याकडे २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची पहिली हिमालयन आली. माझी आहे ती २०२३ च्या शेवटी आलेली नवी. ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, पुढचं चाक २१ इंची, खाली २३० मिलिमीटरचा क्लिअरन्स. पुण्यातल्या रस्त्यांवरचे खड्डे तिला जाणवतसुद्धा नाहीत!

पण हे सगळं करायच्या आधी पहिले पाचशे किलोमीटर असतात. रनिंग-इनचे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांची अजून ओळख व्हायची असते. दोघं एकमेकांना घासत घासत नीट बसतात. त्या घासण्यातून निघालेला धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो, म्हणून पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदलायचा. ब्रेकपॅड डिस्कवर बसायचे असतात, चेन थोडी सैल पडते, नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात. या काळात गाडी फुल पिळायची नाही. आणि बहुतेकांना माहीत नसतं ते असं की, एकाच स्पीडला तासन्‌तास पळवायचीही नाही. इंजिनावर कधी जोर, कधी ढील असं बदलत राहायला हवं.

मग कुठं जायचं? मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर टू-व्हीलरला बंदीच आहे. सरळसोट हायवे या कामाचा नाही. मला हवे होते चढ, उतार, वळणं आणि कमी ट्रॅफिक. ते सगळं एकाच ठिकाणी मिळतं अशी जागा मला लहानपणापासून माहीत होती. माझं आजोळ, आंबेगाव तालुका. आणि त्याला खेटून जुन्नर.

डिसेंबरातला शनिवार. पहाटे निघाले तेव्हा मीटरवर ११८ किलोमीटर होते. चाकण, राजगुरुनगर, मंचर. मंचरला डावीकडे वळलं की ऊस सुरू होतो, आणि उसाचे ट्रॅक्टरही. दोन-दोन ट्रॉल्या जोडून ते वळणावर आले की त्यांना रस्ता देणं हाच शहाणपणा. घोडेगावात मामाकडे नाश्ता झाला. मामीनं ‘एकटीच आलीस?’ हे तीन वेगवेगळ्या सुरांत विचारून घेतलं. मग मी डिंभ्याच्या दिशेनं निघाले, आहुप्याकडे.

आहुपे म्हणजे तालुक्याचं पश्चिम टोक. तिथं सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. तिथं जाणारा रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याला धरून वळणं घेत जातो. या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. मुंबईत १२ डिसेंबर १९३० ला विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. आणि या पाण्याखाली आहे जुनं आंबेगाव. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते गावच पाण्यात! कारभार चालतो तो घोडेगावातून. माझ्या आईचं माहेरचं घर तिथं होतं. धरणामुळे आजोबा घोडेगावला आले. आई त्या घराबद्दल फारसं बोलत नाही. विचारलं तर म्हणते, ‘‘नव्या जागी रुळायला वेळ लागतो गं.’’ बस्स, तेवढंच.

आहुप्याच्या अलीकडे एका वळणावर पाणी असं काही चमकत होतं की, फोटो काढायलाच हवा होता. मी यू-टर्न घेतला. चढ, रस्त्याकडेला खडी, हॅन्डल पूर्ण वळलेलं. वेग किती? चालत जाणाऱ्या माणसाचा! गाडी उजवीकडे कलली. मी उजवा पाय टाकला. त्या बाजूला उतार होता. पाय गेला, गेला... जमीन आलीच नाही.

१९६ किलो अगदी सावकाश झोपले. मी बाजूला उडी मारली, म्हणून पाय वाचला. पहिल्यांदा किल स्विच दाबला, हे एक शहाणपण. मग दुसऱ्यांनी पडल्यावर करतात तेच केलं. आजूबाजूला कुणी बघितलं का ते पाहिलं. कुणी नव्हतं. मोबाइलला रेंजही नव्हती. हॅन्डल धरून ओढलं. गाडी हलली नाही. पुन्हा ओढलं. कमरेत कळ आली. तिसऱ्यांदा मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि आईचा प्रश्न डोक्यात वाजायला लागला. लडाखला जायच्या गप्पा मारणारी मी घोडेगावच्या पुढं तासाभरातच आडवी!

पंधरा-वीस मिनिटांनी वरच्या वाटेनं एक आजी आल्या. डोक्यावर सरपणाची मोळी. त्यांनी मोळी खाली टाकली. ‘‘लागलं का गं बाय कुठं?’’ नाही म्हटल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाल्या, ‘‘वाकून काय वढतीस? कंबर जाईल. मोळी कशी उचलत्यात? खाली बसायचं, पाठ ताठ ठेवायची आन् पायानं उठायचं.’’

खरं सांगू? हेच मी यूट्यूबवर तीनदा पाहिलं होतं. परदेशातली एक सडपातळ बाई भलीमोठी गाडी अशीच उचलते. पण बघणं वेगळं. मी सीटला पाठ लावून खाली बसले, आजींनी मागचं कॅरिअर धरलं. दोघींनी पायांवर जोर दिला आणि गाडी उठली. लेगगार्डवर एक लांब ओरखडा, बाकी काही नाही. आजींना मी काही देऊ केलं तर त्यांनी हात झटकला. ‘‘मोळी दे डोक्यावर चढवून,’’ म्हणाल्या. मी दिली. ती पण मला एकटीला धड उचलवली नाही.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत घोडेगावला परतले. या पट्ट्यात उसात बिबटे आहेत, रात्री रस्त्याकडेला थांबण्याची हौस करू नये. मामाला सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तो बैलगाड्याच्या नादातला माणूस. २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आली तेव्हा घरात सुतक असल्यासारखा बसला होता. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटले आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा उचलून धरला तेव्हा पुन्हा वाटले. तो म्हणाला, ‘‘नवा खोंड आणला की लगेच घाटात पळवतो का आम्ही? आधी त्याला माणसाची सवय लावायची, हात फिरवायचा, चालवत न्यायचा. त्याचा जोर कुठं आहे ते आपल्याला कळलं पाहिजे. तू गाडी आणलीस आणि निघालीस.’’

मग आम्ही अंगणात रिकामी पोती अंथरली आणि त्यावर तीन लाखांची गाडी मुद्दाम आडवी केली. मामीनं कपाळावर हात मारला. तुमच्याकडे जड गाडी असेल तर हे वाचून ठेवा. इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी डावीकडचा साइड स्टँड बाहेर काढायचा, म्हणजे उठल्यावर ती पलीकडे पडत नाही. गाडी गिअरमध्ये टाकायची, म्हणजे घरंगळत नाही. हॅन्डल पूर्ण वळवून जमिनीकडचं टोक टाकीजवळ आणायचं. सीटला पाठ टेकवून खाली बसायचं, एका हातानं ते टोक, दुसऱ्यानं मागचं कॅरिअर धरायचं. पाठ ताठ. हातांनी ओढायचं नाही. पायांनी मागं ढकलत, छोटी छोटी पावलं टाकत उठायचं. पहिले तीन प्रयत्न फसले. चौथ्याला गाडी उठली. मी एकटीनं उचलली! मांड्या थरथरत होत्या, पण सांगते तुम्हाला, पहिला चेक मिळाला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

रविवारी जुन्नर. शिवनेरीला खालूनच नमस्कार केला आणि आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाट गाठला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरला येणारा माल याच घाटानं वर चढायचा. गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी टाकायचा म्हणून सांगतात. म्हणजे टोलनाका आपल्याकडे काही नवा नाही!

त्या दगडी वाटेकडे बघताना डोक्यात आलं, इथून लादलेली जनावरं कशी चढत असतील? ओझं दोन्ही अंगांना सारखं आणि पोटाजवळ बांधूनच ना. मी माझ्या गाडीकडे पाहिलं. लॅपटॉप, कॅमेरा, दोन लिटरची बाटली, हत्यारांचा डबा, सगळं एका सॅकमध्ये कोंबून मागं उंच बांधलेलं. काल वळणावर गाडी कलली ती नुसत्या माझ्या उंचीमुळे नाही, या उंचावरच्या वजनामुळेही. तिथंच सगळं सोडलं. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना, सीटच्या जवळ. हलकं वर. परत निघाल्यावर पहिल्याच वळणावर फरक कळला. गाडी तीच, पण आता ती मला ढकलत नव्हती.

यू-टर्नचंही एक शिकले. थांबायच्या आधी बघायचं, पाय कुठं पडणार आहे. चढाच्या बाजूला पडणार असेल तरच थांबायचं. नाहीतर शंभर मीटर पुढं जाऊन सपाट जागा शोधायची. फोटो कुठं पळून जात नाही. आणि खाली उतरून गाडी हातानं ढकलत वळवण्यात कसली आली लाज?

नारायणगावात मसाला दूध घेतलं आणि हायवेला लागले. घरी पोचले तेव्हा मीटरवर ४८८ होते. आई पार्किंगमध्येच उभी होती. तिची नजर थेट लेगगार्डवरच्या ओरखड्यावर गेली.

‘‘पडली ना?’’

‘‘पडली.’’

‘‘मग?’’

‘‘पहिल्यांदा नाही उचलता आली. एका आजींनी मदत केली. आता एकटीला येते. दाखवू?’’

‘‘नको,’’ आई म्हणाली. ओरखड्यावरून तिनं बोट फिरवलं. मग जिन्याकडे वळता वळता थांबली. ‘‘पाणी भरलेलं होतं का गं धरणात?’’

‘‘काठोकाठ.’’

‘‘मे महिन्यात उतरतं. जुनी देवळं दिसतात तेव्हा.’’ थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. ‘‘तेव्हा मला ने. तुझ्या या गाडीवरून.’’

दोस्तांनो, लडाख कुठंही जात नाही. सर्व्हिसिंगला अजून बारा किलोमीटर बाकी आहेत. मे महिन्याला पाच महिने. तोवर मागं माणूस बसवून चढावर गाडी कशी थांबवायची, ते मला शिकायचंय.