विंडशील्ड किती उंच हवी? नाकाच्या शेंड्याइतकी!

बिबवेवाडीतून रोज मोटरसायकलवर स्वारगेटला किंवा कात्रज घाटापलीकडे जाणाऱ्या अनेकांना वाटतं, विंडशील्ड जितकी उंच तितकं संरक्षण जास्त. दुकानदारही तेच सांगतो. हे साफ चूक आहे.

रस्ता विंडशील्डमधून नव्हे, तिच्यावरून दिसला पाहिजे. कारच्या काचेला वायपर असतो, तुमच्या विंडशील्डला नसतो. पावसात तिच्यावर थेंब साचतात. ती प्लास्टिकची असते. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की बारीक ओरखडे उमटतात. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश त्या ओरखड्यांवर फाकतो आणि रस्ता ओलांडणारा माणूस दिसेनासा होतो. मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल, तर त्रास आणखी वाढतो. कारण डोळ्यातल्या भिंगातही प्रकाश असाच विखुरतो.

"पण धूळ तर अडते ना?" पूर्ण नाही. विंडशील्डमागे हवेचे भोवरे होतात आणि धूळ चेहऱ्यापर्यंत येतेच. डोळे सांभाळणं हे हेल्मेटच्या काचेचं काम आहे. ती वर करून फिरायचं आणि विंडशील्डवर विसंबायचं, हा कुठला हिशोब? आणि हेल्मेट आरशाला अडकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: पडल्यावर विंडशील्ड डोकं वाचवत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 129 ने हेल्मेट सक्तीचं केलं आहे, विंडशील्ड नव्हे.

मग उंची कशी ठरवाल? हेल्मेट घालून नेहमीसारखे गाडीवर बसा. वरची कड साधारण नाकाच्या शेंड्याच्या पातळीत यावी. समोर पाहताना नजर कडेच्या दोन-तीन बोटं वरून जावी. गाडी घरात दोघं चालवत असाल, तर कमी उंचीच्या माणसाचं माप घ्या.

वेगात डोकं हलत असेल, हेल्मेटमध्ये घोंघाट होत असेल, तर विंडशील्डच्या कडेवरून सुटलेला भोवरा डोक्यावर आदळतो आहे. लगेच उंच विंडशील्ड विकत घेऊ नका. आधी तिचा कोन बदलून पाहा, थोडी खाली करून पाहा. हायवेवर हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. रोज तासन्‌तास तो ऐकला, तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं.

डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. खुपणं थांबलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

विंडशील्ड शोभेसाठी घेऊ नका. चपलेसारखी मापाने घ्या.