विजेच्या यंत्राने दुखणे जाते का?

मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रेक्झिनची लहान पेटी. गावातल्या एका मंगल कार्यालयात दहा दिवसांचे मोफत वेदनामुक्ती शिबिर भरले होते, तिथे रोज जाऊन शेवटच्या दिवशी त्यांनी २२ हजार रुपयांना हे यंत्र घेतले होते. 'बायोफीडबॅक' असे झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले. गुडघेदुखी, साखर, रक्तदाब, पायांची आग, सगळ्यावर एकच इलाज! मी मोजा काढायला सांगितला. उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड, फुटलेला, कडा काळवंडलेल्या. गुरुजींना त्याचा पत्ताच नव्हता. सूनबाईंना फरशीवर डाग दिसले म्हणून कळले.

हल्ली अशी यंत्रे घरोघर शिरू लागली आहेत. त्यांच्यात खरे किती आणि फुगवलेले किती, हे वाचकांना ठाऊक असलेले बरे.

विजेने दुखणे शमवण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस वातरक्ताच्या रोग्याला विजेचा धक्का देणाऱ्या जिवंत माशावर पाय ठेवायला सांगत असे. त्यामागचे शास्त्र मात्र १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडले. आपला गुडघा टेबलाला आपटला की आपण तो आपोआप चोळतो आणि कळ थोडी कमी होते. का? दुखण्याची वर्दी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते, तिथे जणू एक फाटक असते. स्पर्शाच्या जाड नसा चाळवल्या की ते अर्धवट मिटते. टेन्स नावाचे यंत्र हेच चोळण्याचे काम विजेच्या सौम्य झिणझिण्यांनी करते. बॅटरीवर चालते, दोन-तीन हजारांत मिळते.

माझ्या रोग्यांपैकी काहींना त्याने बरे वाटते, यंत्र चालू असेपर्यंत आणि त्यानंतर तासभर. काहींना नुसत्या मुंग्या येतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असाच सल्ला डॉक्टरांना दिला, कारण पुरावा तोकडा पडला. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही, साखर तर मुळीच उतरत नाही. न जुळणाऱ्या हाडासाठी विजेची वेगळी यंत्रे अस्थिरोगतज्ज्ञ वापरतात, हे खरे. पण त्या पुण्याईवर गुडघ्याचे यंत्र विकणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोराच्या मार्कांवर आपल्या घरात पेढे वाटणे.

आता बायोफीडबॅक. हा शब्द चांगला आहे, म्हणूनच चोरला गेला. खऱ्या बायोफीडबॅकमध्ये यंत्र अंगात वीज सोडत नाही, ते फक्त आरसा धरते. मानेचे स्नायू किती आवळले आहेत, बोटे किती गार पडली आहेत, हे ते पडद्यावर किंवा आवाजाने दाखवते. ते पाहत रोगी स्नायू सैल सोडायला शिकतो. ताणाने होणारी डोकेदुखी, अर्धशिशी, लघवीवर ताबा नसणे, काही प्रकारची बद्धकोष्ठता यांत त्याचा उपयोग होतो. पण काम रोग्याने करायचे असते आणि शिकायला कित्येक आठवडे जातात. पंधरा मिनिटे पट्ट्या लावून वर्तमानपत्र वाचत बसलो, याला बायोफीडबॅक म्हणत नाहीत.

गुरुजींच्या यंत्रावर एक पडदा होता. शरीर 'बरे होत गेले' की त्यावरची रेघ लाल रंगावरून हिरवी होते, असे विक्रेत्याने सांगितलेले. मी टॉवेल ओला केला, पट्ट्या त्याला लावल्या, बटण दाबले. बारा मिनिटांनी टॉवेल पूर्ण बरा झाला! गुरुजी हसले, पण तोंड उतरले होते.

मधुमेह पंधरा वर्षांचा, तळव्यांची संवेदना गेलेली. मुंग्या जाणवेनात म्हणून ते बटण फिरवत गेले, आणि सुकलेल्या पट्टीखाली कातडी भाजली. शिवाय शिबिरात सांगितले म्हणून साखरेच्या गोळ्याही बंद. त्या दिवशी साखर ३८० निघाली. म्हणून सांगतो, बधिर पायाला, जखमेवर, गळ्याच्या पुढच्या भागाला अशी पट्टी लावू नये. पेसमेकर असेल, फिट येत असतील, पायाच्या शिरेत गाठ असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून यंत्राला हात लावू नये. आणि छातीत किंवा डाव्या हातात कळ आली तर यंत्र शोधत बसू नये, रिक्षा शोधावी.

मधुमेह किंवा कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पण शिबिरवाले अकराव्या दिवशी गावात नसतात.

मी गुरुजींना जरा रागानेच विचारले, "तुम्ही इतकी वर्षे विज्ञान शिकवलेत, तरी?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तो पोरगा रोज वीस मिनिटे माझ्याशेजारी बसायचा. कुठे दुखतं, कधीपासून, झोप लागते का, सगळं विचारायचा." यावर मला उत्तर सुचले नाही. माझ्या दवाखान्यात बाहेर चाळीस माणसे बसलेली असतात आणि गुरुजींच्या गुडघ्याला मी वर्षभरात मिळून वीस मिनिटे दिली असतील की नाही, शंका आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायामदेखील मी त्यांना कागदावर लिहून दिला होता, करून दाखवला नव्हता. परवा दाखवला.

जखम भरायला सहा आठवडे तरी लागतील. बोट वाचेल असे वाटते. पैसे परत मागायला त्यांच्या मुलाने पावतीवरच्या नंबरला फोन केला, तो लागत नाही. यंत्र आता गुरुजींच्या पत्नी खांद्याला लावतात. त्यांना मधुमेह नाही, कातडीला स्पर्श कळतो. पट्ट्या कुठे लावायच्या त्या जागी मी पेनने खुणा करून दिल्या आणि पडद्यावर कागद चिकटवायला सांगितले.