मूळ ड्रॉइंग तुमच्यासमोर होतं

श्री. ओम राऊत यांस,


१६ जून २०२३ ला तुमचा ‘आदिपुरुष’ लागला तेव्हा हे पत्र लिहायचं मी टाळलं. सगळा देश तुमच्यावर तुटून पडला होता, प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, त्यात आपला आणखी एक दगड कशाला? शिवाय माझी तक्रार वेगळी आहे. धार्मिक भावनांबद्दल मला बोलायचं नाही. ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ या ॲनिमेचा चाहता म्हणून मी लिहितोय. तुम्हालाही तो भावला, हे तुम्हीच सांगितलं होतं. लॉकडाऊनमध्ये जपानच्या युगो साकोंचा हा चित्रपट तुमच्या पाहण्यात आला आणि रामायण आजच्या तंत्रज्ञानाने पडद्यावर आणायचं तुम्ही ठरवलंत.

आम्हाला तो शोधावा लागला नाही. कार्टून नेटवर्कवर पुन्हा पुन्हा लागायचा. पिंपरी-चिंचवडच्या कामगार घरांत रात्रपाळी करून आलेले वडील शेजारच्या खोलीत झोपलेले असत, म्हणून आवाज बारीक करून बघायचा. तरी रावणाला अमरीश पुरींचा आवाज, तो किती बारीक होणार! रामाला अरुण गोविल होते. २४ जानेवारी २०२५ ला तोच चित्रपट ४के होऊन थिएटरात आला, तेव्हा नव्या डबिंगमध्ये गोविल नव्हते एवढं खटकलं. बाकी तीस वर्षांपूर्वीचं हे काम मोठ्या पडद्यावर कुठेही उघडं पडलं नाही.

आता मुद्द्याचं. मी भोसरी एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे. आमचे पार्ट चाकणच्या गाड्यांत जातात. मशीन नवं आलं की पार्ट आपोआप चांगला येतो, असं आमच्याकडे कुणी म्हणालं तर जुने फिटर हसतात. आधी ड्रॉइंग नीट वाचायचं, न कळलेलं माप विचारून घ्यायचं, मग पहिला पीस काढून तपासायचा. साको नेमके तसे वागले. १९८३ मध्ये ते भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला. रामायणाने त्यांना झपाटलं. जपानीत मिळालेल्या दहा आवृत्त्या त्यांनी वाचल्या आणि त्यावर ॲनिमे करायचं ठरवलं. इथे गैरसमज झाले, विरोधाची पत्रं गेली. रामायणासारखा नाजूक विषय कार्टूनमध्ये नको म्हणून सरकारनेही सहनिर्मितीला हात लावला नाही. तरी त्यांनी राम मोहन यांना सहदिग्दर्शक म्हणून सोबत घेतलं, संगीत वनराज भाटियांकडे दिलं. धोतर कसं नेसतात, मुलं वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे भारतीय ॲनिमेटरांनी जपानी चित्रकारांना शिकवलं. सुमारे ४५० कलाकार आणि हाताने काढलेली लाखभर चित्रं. मला सगळ्यात थोर वाटतं ते त्यांचं विचारणं. परक्या माणसाला आपल्याला काय येत नाही याची यादी असते, म्हणून तो विचारतो.

तुमच्याकडे ती यादी नव्हती, असं मला वाटतं. आपलंच रामायण, त्यात काय विचारायचं? मग लंका काळीकरडी झाली, रावण अजस्र वटवाघळावर बसला आणि अजगरांकडून अंग चेपून घेऊ लागला. देवदत्त नागे ‘जय मल्हार’पासून घराघरांत खंडोबा म्हणून ओळखीचे. त्यांना मारुती केलंत ही निवड उत्तम, आणि लंकादहनाच्या वेळी त्यांच्याच तोंडी नाक्यावरची भाषा! संवाद मनोज मुंतशिर यांचे असतील, पण पास केले तुम्ही. प्रत्येक थिएटरात मारुतीसाठी एक खुर्ची रिकामी ठेवायला सांगितलीत. त्याच्या वाक्यांवरही तेवढी नजर हवी होती. अजय-अतुल यांचं ‘जय श्री राम’ सुरू झालं की अंगावर काटा येतो, आणि पडद्याकडे पाहिलं की तो जातो.

२ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत टीझर आला. लोकांनी नावं ठेवली. तुम्ही प्रदर्शन जानेवारीवरून जूनवर नेलंत आणि व्हीएफएक्सवर पुन्हा काम केलंत. खर्चाला घाबरून तुम्ही मागे हटला नाहीत, हे मानतो. पण घासून-पुसून निघतो तो पार्टच्या कडेला राहिलेला बर. डिझाइनच चुकलेलं असेल तर रिवर्कने फक्त चुकीचा पार्ट चकचकीत होतो. माकडांचे केस तुम्ही सुधारलेत, संवाद मात्र प्रदर्शनानंतर, लोक ओरडल्यावर बदलले. ‘आदिपुरुष’नंतर दोन-अडीच महिन्यांत नेटफ्लिक्सवर ‘वन पीस’ आला. ॲनिमेवरून खरी माणसं घेऊन केलेल्या कामांबद्दल आम्ही चाहते आधीच धास्तावलेले असतो. ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’च्या पटकथाकाराने तर पुढे जाहीर माफी मागितली होती. ‘वन पीस’ मात्र जमला, कारण मूळ कथाकार एइचिरो ओडा स्वतः तपासायला बसले होते. तुम्हाला ती सोय नव्हती. साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. लॉकडाऊनमध्ये तुम्ही चित्रपट पाहिलात तेव्हा राम मोहन जाऊन जेमतेम काही महिने झाले होते. याची मला खरोखर चुटपुट लागते.

हे सगळं लिहितोय कारण ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ तुमचाच आहे. त्यातले टिळक सुबोध भावेंच्या अंगावर बसले होते, कपड्यांपासून रागापर्यंत. म्हणजे तुम्हाला विचारता येतं. आता धनुषना घेऊन डॉ. कलामांवर चित्रपट करायचं तुम्ही जाहीर केलंय. १० ऑगस्ट १९७९ ला त्यांचं पहिलं एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. तो प्रसंग असेलच, आणि तिथे धूर-ज्वाळांचा मोह होणार हेही दिसतंय. त्याआधी एकदा आमच्या बाजूला या. दिघीला आणि पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत, निवृत्त झालेले कितीतरी जण भोसरी-आळंदी रस्त्यावर राहतात. चाचणी फसल्यानंतर दुसऱ्या दिवशी टेबलावर काय पसरलेलं असतं, साहेब समोर आले की कोण उठून उभं राहतं आणि कोण हातातलं काम सोडत नाही, असल्या गोष्टी त्यांना विचारा. टीझर कापायच्या आधी विचारा.

तुमचा,
एक प्रेक्षक
निगडी, पुणे ४४