अधिछात्रवृत्ती ही भीक नव्हे!

नवदीक्षित बंधुभगिनींनो,

पुण्याच्या बार्टी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधकांना 2023 साली मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. त्याच वर्षी सरकारने जागांना 200 ची मर्यादा घातली. आणि डिसेंबरात विधिमंडळात, पीएच.डी. होऊन ही मुले कोणते दिवे लावणार, असा सवाल सरकारी बाकांवरूनच झाला!

या सवालाचे उत्तर इतिहासाने केव्हाच दिले आहे. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 साली तिची मुदत संपताच लंडनचे अध्ययन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पैसा जमवून 1920 साली ते पुन्हा गेले व 1923 साली डी.एस्सी. झाले. पैशाअभावी प्रत्यक्ष बाबासाहेबांची तीन वर्षे गेली. मग सेनगाव-कळमनुरीच्या शेतमजुराच्या मुलीने नांदेडच्या विद्यापीठात कोणाच्या बळावर तग धरावा?

धर्मांतराने सवलती बुडतात, अशी भीती कोणी घातल्यास तिला थारा देऊ नका. 1990 च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा हक्क मान्य झाला आहे. म्हणून केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीचे दारही आपणांस उघडे आहे. जातीचे दाखले आजच पुरे करा. लेकीचे लग्न लांबले तरी चालेल, तिचा प्रबंध थांबता कामा नये.

आणि सरकारला बजावून सांगा: पात्र ठरलेल्या प्रत्येक संशोधकास, नोंदणीच्या दिवसापासून, दरमहा! दान मागणारे हात आम्ही धम्मदीक्षेच्या दिवशीच खाली घेतले आहेत.

जय भीम!