घाम कर्मचाऱ्याचा, पुण्य कोणाचं?

मोठ्या कार्यालयांत गेल्या काही वर्षांत एक उपक्रम चांगलाच रुजला आहे. महिनाभर सगळ्यांनी मोबाइलवरच्या ॲपमध्ये आपली पावलं मोजायची, विभागवार संघ पाडायचे आणि ठरलेला आकडा गाठला की कंपनी एखाद्या शाळेला किंवा रुग्णालयाला देणगी देणार. कुठे पावलांऐवजी सायकल असते, कुठे सूर्यनमस्कार, कुठे जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. पुष्कळ ठिकाणी कर्मचाऱ्याने स्वतः शुल्क भरायचं असतं, वर ओळखीपाळखीतून निधी जमवायचा असतो. एकाच कार्यक्रमात कर्मचाऱ्यांचं आरोग्यही साधतं आणि समाजाची सेवाही घडते, असं सांगितलं जातं. माझ्या मते ही सांगडच चुकीची आहे. आरोग्य हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि दान ही त्याची मर्जी. हक्क आणि मर्जी यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला की दोन्ही खाती बिघडतात.

समर्थकांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेतलं पाहिजे. ते म्हणतात, दिवसभर खुर्चीला खिळलेला माणूस स्वतःसाठी उठत नाही, पण एखाद्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी उठतो. एरवी लिफ्टमध्येही न बोलणारे लोक एकत्र चालतात, ओळखी होतात. पैसा खरोखर गरजूंपर्यंत पोचतो. आणि सक्ती कोणावरच नसते. यातलं पैशाबद्दलचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनला जोडून युनायटेड वे मुंबईमार्फत स्वयंसेवी संस्थांसाठी जो निधी उभा राहतो, त्याची किंमत त्या संस्थांनाच ठाऊक आहे. निधी नको, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. बाकीचे मुद्दे मात्र तपासून घ्यावे लागतात.

पहिला मुद्दा आरोग्याचा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली, काहींना आरोग्य-उपक्रमात घेतलं आणि काहींना वगळलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट आहेत. उपक्रमात हौसेने उतरणारे लोक मुळातच अधिक निरोगी होते. दोन्ही गटांची रीतसर तुलना केली तेव्हा औषधोपचाराच्या खर्चात किंवा व्यायामाच्या सवयीत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे पावलांच्या यादीत वर झळकणारी नावं बहुतेक आधीपासूनच चालणाऱ्यांची असतात. ज्याला खरी गरज आहे, तो यादीच्या तळाशी असतो आणि आपलं नाव तिथे आहे हे सगळ्यांना दिसतं, एवढंच काय ते त्याच्या पदरी पडतं.

कर्मचाऱ्याची तब्येत कशाने बिघडते, हे काही गुपित नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अंदाज मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. हिंजवडीहून हडपसरला परतणाऱ्याचे रस्त्यातले तास त्यात धरलेलेच नाहीत. अशा माणसाला रात्री दहा वाजता सोसायटीच्या आवारात उरलेली चार हजार पावलं पुरी करायला लावणं म्हणजे त्याच्या झोपेतून वेळ काढणं. कामाच्या तासांनी केलेलं नुकसान त्याने आपल्या विश्रांतीतून भरून द्यायचं, आणि वर त्याला आरोग्य म्हणायचं, हे मला मान्य नाही.

दुसरा मुद्दा मर्जीचा. परिपत्रकात 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं, हे खरं. पण विभागाच्या ग्रुपवर रोज सकाळी यादी येते, खाली टीम लीडरचा शेरा येतो, आणि अप्रेझल त्याच टीम लीडरच्या हातात असतं. गुडघा दुखतो, पाळीचे दिवस आहेत, गर्भारपण आहे, घरी आजारी सासरे आहेत, यातली कोणती गोष्ट त्या ग्रुपवर लिहायची? आणि आपण मागे पडलो तर कोणा मुलाची देणगी हुकेल, हे ओझं कोणाच्या मनावर टाकायचं? कंपनीला देणगी द्यायची असेल तर तिने ती द्यावी. आजारी मुलाचं औषध एखाद्या कारकुनाच्या पावलांवर अडकवून ठेवणं त्या मुलावरही अन्याय आहे आणि त्या कारकुनावरही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त सलतो. अशा एका कार्यालयातला चालण्याचा महिना मी जवळून पाहिला. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर संघांची नावं आणि आकडे. त्याच पडद्याखालून हाउसकीपिंगच्या मावशी बादली ढकलत जात होत्या. सकाळी सातपासून तीन मजल्यांची फरशी, स्वच्छतागृहं, कॅन्टीनची टेबलं. त्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणी चालत नसेल. त्यांची पावलं कुठेच धरली नव्हती, कारण त्या कंत्राटदाराच्या पटावर. दाराशी उभ्या सुरक्षारक्षकाला तर बसायला स्टूलही नव्हतं. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. एकाच छताखाली काहींना चालायला बक्षीस आणि काहींना बसायला जागा नाही, अशा ठिकाणी आरोग्याची सुरुवात खुर्चीपासून व्हायला हवी.

चौथा मुद्दा श्रेयाचा. कायद्याने हा गोंधळ कधीच निस्तरला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे उपक्रम त्यात धरता येत नाहीत. मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रमही या खर्चात बसत नाहीत, असं केंद्र सरकारने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं. कर्मचाऱ्यांची भलाई आणि समाजाचं देणं ही खाती कायदा वेगळी ठेवतो. ती एकत्र होतात ती वार्षिक अहवालातल्या छायाचित्रांत आणि टाउनहॉलमधल्या भाषणांत.

हे वाचून कोणी म्हणेल, मग हे सगळं थोतांडच, बंद करून टाका. हेही मला मान्य नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताण घालवण्याची शिबिरं, मनःशांतीची ॲप्स, झोपेचे कार्यक्रम यांत भाग घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळले नाहीत. अपवाद एकच होता, स्वयंसेवेचा. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यात माणसाला बरं वाटतं, ही गोष्ट खरी आहे आणि ती जपण्यासारखी आहे. म्हणूनच तिला स्पर्धेच्या आणि सक्तीच्या विळख्यातून सोडवलं पाहिजे.

तेव्हा माझा आग्रह असा. कंपनीने आपली देणगी आपल्या नफ्यातून, कोणाच्याही पावलांची अट न घालता, वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावी. कर्मचाऱ्यांना सेवेसाठी भरपगारी दिवस द्यावेत, आणि ते रविवारचे नसावेत. कोणी रक्तदान करील, कोणी पालिकेच्या शाळेत गणित शिकवील, कोणी हिशेबनीस असेल तर लहान संस्थेची वर्षाची खाती लावून देईल. लहान संस्थांना अशा जाणत्या हातांची गरज पैशाइतकीच असते. कुठे जायचं हे कर्मचाऱ्यांनीच ठरवावं, आणि त्या ठरवण्यात कंत्राटी कामगारांचा बरोबरीचा वाटा असावा. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याने थेट संस्थेला द्यावेत, पावती त्याच्या नावाने यावी, आकडा वरिष्ठांना कळू नये. ज्याला धावायचं आहे त्याने आनंदाने धावावं, आणि जो धावत नाही त्याला कोणी कारण विचारू नये.

आणि आरोग्याचं खातं? ते कंपनीने आपल्या पदरचे तास मोडून भरावं. शिफ्ट वेळेवर सुटावी. रात्रीचे फोन बंद व्हावेत. तीन माणसांचं काम दोघांवर टाकू नये. उभ्याने राबणाऱ्याला खुर्ची आणि आजारी पडणाऱ्याला न कुरकुरता रजा मिळावी. हे दिल्यानंतर कंपनीने खुशाल मॅरेथॉन भरवावी, मी तिचं स्वागत करीन. हे देण्याआधी मात्र कर्मचाऱ्याकडे एक पाऊलही मागण्याचा अधिकार तिला नाही.