मिठाच्या गावातल्या दोन सुना

धाकटी बहीण म्युनिकला असते. तिच्याकडे गेले, तेव्हा आम्ही दोघी साल्झबुर्गहून बसने ऑस्ट्रियातल्या बाड इश्लला जाऊन आलो. चहूकडे डोंगर, गर्द जंगल आणि मधोमध हे छोटंसं गाव. इथल्या मिठाच्या पाण्याच्या आंघोळी औषधी म्हणून नावाजलेल्या. सम्राट फ्रान्झ योझेफ दर उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येई. त्याचा तो पिवळसर वाडा, 'कैसरव्हिला', आजही हॅब्सबर्ग घराण्याच्या वंशजांकडेच आहे. आत भिंतीभर हरणांची शिंगं. ज्या टेबलावर त्याने 28 जुलै 1914 रोजी युद्धाच्या जाहीरनाम्यावर सही केली, तेही पाहायला मिळतं.

पण गावभर चेहरा दिसतो तो त्याच्या राणीचा, एलिझाबेथचा. लाडाचं नाव 'सिसी'. चॉकलेटच्या डब्यावर तीच, कपबशीवर तीच. गोष्ट सांगतात ती अशी: ऑगस्ट 1853 मध्ये सम्राटासाठी तिची थोरली बहीण हेलेन दाखवायला आणली होती. त्याला पसंत पडली धाकटी, आणि दोनच दिवसांत साखरपुडा! ऐकणारे सगळे 'अय्या, किती गोड' अशा चेहऱ्याने हसतात.

मला काही हसू येईना. मुलगी पंधरा वर्षांची होती हो! पुढच्या एप्रिलमध्ये, सोळाव्या वर्षी, लग्न होऊन ती व्हिएन्नाच्या दरबारात गेली. सख्खी मावशीच सासू. पहिल्या मुलीला नाव सासूचं, आणि पहिल्या दोन्ही मुलींचा ताबाही सासूकडेच. पुढे ही राणी घरात कमी आणि प्रवासात जास्त राहिली, याचं नवल कसलं? तिने कविता लिहिल्या, त्या छापून आल्या थेट 1984 मध्ये. बोललं जातं मात्र तिच्या केसांबद्दल आणि बारीक कमरेबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, सासूच खाष्ट. सिनेमानेही तेच दाखवलं. पण ही सासू, सोफी, तरी कोण? तीही एक सूनच. 1824 मध्ये लग्न झालं, वर्षं गेली तरी मूल टिकेना. राजघराण्याला वारस हवा, म्हणून डॉक्टरांनी तिला याच गावी मिठाच्या पाण्याच्या उपचाराला धाडलं. 1830 मध्ये मुलगा झाला, तोच हा सम्राट. त्याला आणि पाठच्या भावांना लोक 'मिठाचे राजपुत्र' म्हणू लागले. नाव मिठाचं झालं. इतकी वर्षं नजरा आणि प्रश्न झेलले त्या बाईचं नाही. मुलगा होईपर्यंत जिची किंमत शून्य, तिच्या हाती सत्ता आली की ती पुढच्या सुनेला तशीच वागवते. हे चक्र आपल्याला अनोळखी आहे का?

'तो काळच तसा होता,' असं म्हणून हे झटकता येत नाही. मी वस्तीतल्या मुलींबरोबर काम करते. दहावीच्या आधीच 'चांगलं स्थळ आलंय' म्हणून शाळा सुटलेल्या मुली मला भेटतात. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आणि लग्नाला वर्ष झालं की 'काय, गोड बातमी कधी?' हे विचारणाऱ्या आपण बायकाच असतो.

राजवाडे जरूर पाहावेत, आपल्याकडचे आणि परदेशातलेही. पण झुंबरं मोजून झाली की एवढं विचारावं: इथे आली तेव्हा ती किती वर्षांची होती? तिला कुणी विचारलं होतं का? लेकीसुनांना सोबत नेलं असेल, तर हे प्रश्न त्यांच्यासमोर, मोठ्याने विचारावेत. त्या ऐकत असतात.